तुमचं विचारणं: बीपीच्या गोळीनं विसरायला होतं का हो?

गेल्या अंकात घरी बीपी कसं मोजायचं यावर लिहिलं होतं, आणि आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त लोकांनी मोजण्याबद्दल काहीच विचारलं नाहीये, सगळ्यांचा प्रश्न एकच की या गोळ्यांनी म्हातारपणी डोक्यावर परिणाम होतो का. कुठलातरी मेसेज फिरतोय बहुतेक, कारण तिघांनी तर शब्द न शब्द तोच उतरवलाय. म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवतो आणि फक्त हेच घेतो. नावं नेहमीसारखी काढून टाकलीयत.

माझे बाबा ७३ वर्षांचे आहेत. बारा-तेरा वर्षं टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिनची एकत्र गोळी चालू होती. दोन महिन्यांपूर्वी कट्ट्यावरच्या मित्रानं त्यांना मेसेज दाखवला की बीपीच्या गोळीनं मेंदूला रक्त कमी पोचतं आणि त्यातून अल्झायमर होतो. त्या दिवसापासून गोळी बंद, आम्हाला सांगितलंही नाही, स्ट्रिपा संपत नाहीत हे आईच्या लक्षात आलं तेव्हा कळलं. आता १७६/९४ येतंय. बाबा म्हणतात मला मस्त वाटतंय, डोकं हलकं झालंय. गेल्या वर्षापासून ते लोकांची नावं विसरायला लागलेत त्यामुळे मुळात घाबरलेले आहेत. त्यांना काय सांगू? — सांगलीहून एक मुलगी

ताई, आधी कामाचं. याच आठवड्यात बाबांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि दोन महिने गोळी बंद होती हे स्पष्ट सांगा, लपवू नका. लपवलं की डॉक्टरांना वाटतं गोळी घेऊनही १७६ आहे आणि ते आणखी एक गोळी वाढवतात, मग बाबा दोन्ही घेतात आणि बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतात, हे मी माझ्याच दवाखान्यात एकदा नाही चारदा पाहिलंय. आणि मधल्या काळात तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात लुळा पडला तर घरी बीपी मोजत बसू नका, सरळ सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलला न्या, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आता तो मेसेज. तो खोटा आहे पण वेड्यासारखा नाहीये, त्याच्यात एक पटण्यासारखी गोष्ट आहे म्हणून तर तो चालतो. नळाला प्रेशर कमी असलं की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसं बीपी कमी केलं की डोक्यात रक्त चढणार नाही, असं ते गणित. पण मेंदू म्हणजे तिसरा मजला नव्हे. मेंदूच्या रक्तवाहिन्या स्वतःच आकुंचन पावतात, स्वतःच रुंदावतात, बीपी थोडं वरखाली झालं तरी आत पोचणारं रक्त बऱ्यापैकी सारखं ठेवतात. वजनाच्या हिशोबात मेंदू शरीराच्या जेमतेम २ टक्के आहे पण रक्त मात्र २० टक्क्यांच्या आसपास खातो, त्यामुळे ही सोय त्याला असावीच लागते. आणि गंमत म्हणजे ही सोय बिघडवतं कोण, तर वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी. त्या बारीक बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, कडक होतात, काही बंदच पडतात, त्यांच्यावर जगणारा मेंदूचा आतला पांढरा भाग ठिकठिकाणी उपाशी राहतो. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ असं लिहून येतं ना ते हेच. नातेवाईकांना आम्ही सांगतो ‘वयाप्रमाणे आहे’, आणि हे आम्हा डॉक्टरांचं चुकतंच, कारण त्यातलं बरंचसं वयाप्रमाणे नसतं, बीपीप्रमाणे असतं.

म्हणजे मेंदूला रक्त कमी पोचतं हे वाक्य बरोबर, फक्त आरोपी चुकीचा धरलाय.

आता नुसत्या तर्कावर कुणी विश्वास ठेवू नये, माझ्याही नाही, तर माणसांवर करून पाहिलेलं काय सांगतं ते बघू. १९९८ साली युरोपातला एक मोठा अभ्यास छापून आला, सिस्ट-युर नावाचा, साठीपुढचे २४१८ लोक, वरचं बीपी वाढलेलं, अर्ध्यांना खरी गोळी अर्ध्यांना खोटी. गोळीवाल्यांत डिमेन्शियाचं, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मरण-बुद्धी हळूहळू हरवणाऱ्या आजारांचं, प्रमाण जवळजवळ निम्मं निघालं. पण आकडे फार छोटे होते, एकीकडे ११ आणि दुसरीकडे २१ माणसं, त्यामुळे ‘निम्मं’ ऐकून हुरळून जाऊ नये. नंतर अमेरिकेत स्प्रिंट झाला, ९३६१ लोक, निम्म्यांचं वरचं बीपी १२०च्या खाली आणायचं आणि बाकीच्यांचं १४०च्या खाली. २०१९ मध्ये त्याचा मेंदूबद्दलचा निकाल आला. डिमेन्शिया १२०वाल्यांत थोडा कमी दिसला पण खात्रीनं म्हणता येईल इतका नाही, त्याच्या आधीची पायरी मात्र, ज्याला माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणतात, ती खात्रीनं कमी झाली, साधारण पाचातला एक भाग. २०२० मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला, शहाण्णव हजारांवर लोक, चार वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलेलं, आणि डिमेन्शिया किंवा बुद्धी मंदावणं हे साडेसात टक्क्यांवरून सात टक्क्यांवर आलं. म्हणजे दोनशे माणसांत एक वाचला.

एवढंच? असं बाबा नक्की विचारतील. हो, एवढंच, चार वर्षांत. पण हा आजार आत शिजायला पंधरा-वीस वर्षं घेतो आणि आपण चारच वर्षांचा तुकडा बघतोय, शिवाय त्याच गोळीनं पॅरालिसिसचा झटका आणि हार्ट अटॅक टळतात तो फायदा वेगळाच आहे, तो तर कितीतरी मोठा. आणि मुख्य मुद्दा, या कुठल्याच मोठ्या प्रयोगात गोळी घेणाऱ्यांना डिमेन्शिया जास्त झाला असं निघालेलं नाही. मेसेज खरा असता तर इतक्या लोकांत कुठेतरी दिसलं असतं की नाही?

मला सगळ्यात आवडलेला अभ्यास चीनच्या खेड्यांतला आहे, २०२५ मध्ये छापून आला. ३२६ गावं, चाळिशीपुढचे जवळजवळ ३४ हजार लोक. अर्ध्या गावांत नेहमीचं चालू ठेवलं आणि अर्ध्या गावांत तिथल्याच गावडॉक्टरांना, म्हणजे मोठी डिग्री नसलेल्या, गावातच राहणाऱ्या माणसांना शिकवलं की गोळी कशी वाढवायची, मोफत किंवा स्वस्तात द्यायची, घरी मशीन ठेवायला सांगायचं, मागे लागायचं. चार वर्षांनी त्या गावांत डिमेन्शिया १५ टक्के कमी. नवं औषध नाही, महागडं स्कॅन नाही, साध्या गोळ्या आणि पाठपुरावा. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात, आशाताई दारात येतात, तरी लोक रांग नको म्हणून महिना महिना गोळी सोडतात, असो, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आता ‘डोकं हलकं झालंय’ हे मात्र हसण्यावारी नेऊ नका ताई. कधी कधी पेशंट खरंच बरोबर असतो. गोळीनं उभं राहताना त्यांचं बीपी एकदम उतरत असेल, चक्कर नाही पण एक जड, गुंगल्यासारखं वाटत असेल, किंवा अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजत असतील आणि ते बोलले नसतील. डॉक्टरांना बसून आणि मग उभं राहून एक ते तीन मिनिटांनी बीपी बघायला सांगा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर डोस, वेळ किंवा गोळी बदलता येते. गोळी न सोसणं आणि गोळी नको असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नावं विसरण्याचं म्हणाल तर ७३ला नावं विसरणं हे एकटं तितकं घाबरण्यासारखं नाही. नेहमीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचा हिशोब न जमणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं, हे असेल तर मात्र नीट तपासून घ्या. आणि तपासताना व्हिटॅमिन बी१२, थायरॉइड आणि कान हे तिन्ही बघून घ्या. बाबा शाकाहारी असतील तर बी१२ आधी. कान तर इतके दुर्लक्षित आहेत की विचारू नका, अर्धं ऐकूच आलेलं नसतं आणि घरातले म्हणतात विसरले.

आणि त्यांना सांगायचं कसं? तुम्ही सांगूच नका, मुलीनं लेक्चर दिलं की बाप ऐकत नाही हा जुना नियम आहे. मशीन त्यांच्याच हातात द्या, वही द्या, सकाळ-संध्याकाळ स्वतः लिहू दे. आधीच्या वहीतले आकडे शेजारी ठेवा. माझ्या वडिलांनीही असंच केलं होतं, आठ दिवस स्वतः आकडे लिहिले आणि नवव्या दिवशी जेवणानंतर गुपचूप गोळी घेतली, वर मला म्हणाले तुला कुणी विचारलं?

तुम्ही डॉक्टर लोक नेहमी गोळीचीच बाजू घेता. माझ्या आईला (७८) मे महिन्यात बीपीची नवीन गोळी दिली आणि पंधरा दिवसांत ती असंबद्ध बोलायला लागली, मला ओळखेना. गोळी बंद केल्यावर चार-पाच दिवसांत ठीक झाली. हे काय मग? — नागपूर

तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि चांगलं झालं लिहिलंत. तुम्ही गोळीचं नाव दिलेलं नाही पण मी पैज लावीन की ती पाण्याची गोळी असणार, म्हणजे जास्त लघवी करवून बीपी उतरवणारी. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड यातली एखादी. बऱ्याच एकत्र गोळ्यांच्या नावामागे ‘एच’ लावलेला असतो तो याच हायड्रोक्लोरोथायाझाइडचा. या गोळ्या चांगल्या आहेत, स्वस्त आहेत, झटका टाळण्यात वर्षानुवर्षं सिद्ध झालेल्या आहेत, पण वयस्कर माणसांत, त्यातही बारीक अंगाच्या बायकांत, रक्तातलं सोडियम उतरवतात. नॉर्मल १३५ ते १४५. ते १२०च्या घरात गेलं की माणूस बरळतो, झोपाळतो, तोल जातो, कधी फिट येते. त्यात नागपूरचा मे महिना, वरून कुणीतरी सांगितलेलं असतं मीठ अगदी बंद करा, आणि आई जेवतात चिमणीएवढं. झालंच मग.

पण याला डिमेन्शिया म्हणत नाहीत. डिमेन्शिया वर्षांनी चढतो आणि उतरत नाही. दिवसांत चढलेला आणि दिवसांत उतरलेला तो भ्रम, डिलिरियम. म्हाताऱ्या माणसाचं डोकं आठवड्याभरात बदललं तर वय झालं म्हणून गप्प बसायचं नाही, सोडियम, शुगर, लघवीतलं इन्फेक्शन हे त्याच दिवशी बघायचं. आणि पाण्याची गोळी सुरू केली की दोन-तीन आठवड्यांत एकदा सोडियम-पोटॅशियमची टेस्ट करून घ्यायची, डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा, राग आला तर येऊ दे.

तुमच्या आईच्या फाइलवर ठळक अक्षरात लिहून ठेवा की या गोळीनं सोडियम उतरलं होतं. दुसरा डॉक्टर हमखास परत लिहितो. बीपीसाठी दुसऱ्या जातीच्या गोळ्या भरपूर आहेत, म्हणून ‘आता गोळीच नको’ असं मात्र करू नका.

वय ४७, भोसरीत शिफ्ट ड्युटी. कंपनीच्या चेकअपमध्ये १४८/९४ निघालं. मला काहीच त्रास नाही. एकदा गोळी सुरू केली की आयुष्यभर आणि मग म्हातारपणी डोक्याचा त्रास, त्यापेक्षा साठीनंतर बघू असं ठरवलंय. चूक आहे का?

हो, चूक आहे, आणि या पानावरच्या सगळ्यांत महाग पडेल अशी. डोक्याचा हिशोब साठीनंतर मांडतात पण उधारी चाळीस-पन्नाशीत होते. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून एक अभ्यास चालू आहे, व्हाइटहॉल टू नावाचा. त्यातल्या साडेआठ हजारांहून जास्त लोकांचं त्यांनी बघितलं, तर पन्नाशीला ज्यांचं वरचं बीपी १३० किंवा वर होतं त्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त, आणि साठीला किंवा सत्तरीला मोजलेल्या बीपीशी असा संबंध दिसलाच नाही. म्हणजे तुम्ही जी दहा-बारा वर्षं सोडून द्यायचं म्हणताय नेमकी तीच कामाची. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानं २०२४ मध्ये डिमेन्शियाची आपल्या हातातली १४ कारणं सांगितली, त्यात मध्यम वयातलं बीपी आहेच.

तरी एका आकड्यावर गोळी सुरू करू नका. नाइट शिफ्ट करून, चहा मारून, रांगेत उभं राहून मोजलेलं बीपी काही खरं नाही. आठवडाभर घरी, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पट्टा उघड्या दंडावर, सकाळ-संध्याकाळ दोनदा. सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर डॉक्टरकडे जा. वजन, तंबाखू, दारू, झोप, घोरणं (बायकोला विचारा, तुम्हाला माहीत नसणार) यानं काही जणांचं उतरतं आणि गोळी लागत नाही किंवा पुढे सुटते. आयुष्यभराचं म्हणाल तर शिफ्टमध्ये गायछापही आयुष्यभरच चाललेली असते लोकांची, तिला कुणी हा प्रश्न विचारत नाही.

सासूबाई ८७, चार वर्षांपासून डिमेन्शिया. बीपीच्या तीन गोळ्या पूर्वीपासून चालू आहेत. हल्ली १०४/५८ असतं, खाणं कमी झालंय, महिन्यात दोनदा पडल्या. डॉक्टर म्हणतात चालू ठेवा, मेंदूसाठी चांगलं. — डोंबिवली

वर एवढं गोळीचं कौतुक केलं आणि आता मी उलटं बोलणार आहे, पण उलटं नाहीये, वय आणि अवस्था बदलली की हिशोब बदलतो. तुमच्या सासूबाईंना १०४/५८ वर तीन गोळ्या मला पटत नाहीत. ज्या अभ्यासांची नावं वर घेतली त्यांत अशी माणसं जवळपास नव्हतीच. स्प्रिंटमध्ये डिमेन्शियाचे पेशंट घेतलेच नव्हते. ऐंशीपुढच्यांचा एक मोठा प्रयोग झाला, हायव्हेट, त्यात झटके आणि मृत्यू कमी झाले, चांगलंच आहे, पण ती तब्येतीनं बरी, हिंडतीफिरती मंडळी होती, वरचं बीपी १६०च्या वर असलेली, आणि त्यांनाही आणायचं होतं १५०पर्यंत, १०४पर्यंत नव्हे.

अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या नर्सिंग होममधल्या बारा हजारांवर लोकांचा अभ्यास २०२४ मध्ये आला, ज्यांच्या गोळ्या कमी केल्या त्यांची बुद्धी थोडी हळू घसरली. नुसतं निरीक्षण आहे, त्यामुळे सिद्ध झालं म्हणता येत नाही. उलट नेदरलँड्समध्ये ७५ पुढच्या, किंचित विसराळू झालेल्या ३८५ लोकांत मुद्दाम गोळ्या कमी करून बघितलं तर चार महिन्यांत डोकं काही सुधारलं नाही. म्हणून गोळी कमी केली की सासूबाईंना आठवायला लागेल अशी आशा धरू नका. गोळी कमी करायची ती पडू नयेत म्हणून. या वयात खुबा मोडला तर त्यातून उठणं फार अवघड.

आणखी एक, यातच त्या मेसेजचं मूळ असावं असं मला वाटतं. डिमेन्शिया यायच्या आधीच्या काही वर्षांत आणि नंतरही बऱ्याच जणांचं बीपी आपोआप उतरतं, वजन उतरतं. गोळ्या जुन्या, डोस जुनाच, आणि आकडा खाली. बघणाऱ्याला वाटतं गोळीनं बीपी पाडलं आणि त्यानं डोकं गेलं. प्रत्यक्षात आजारानंच बीपी खाली आणलेलं असतं आणि गोळी कमी करायची कुणाला आठवण राहिलेली नसते.

आठवडाभराचे बसून-उभं राहून घेतलेले आकडे आणि पडण्याच्या तारखा कागदावर लिहा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यातली कुठली आधी कमी करता येईल?’ एकेक करून, मध्ये तीन-चार आठवडे ठेवून. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी त्यात असेल किंवा क्लोनिडिन असेल तर ती एकदम तोडायची नसते, हृदय उसळतं किंवा बीपी उसळतं. आणि कुठली गोळी हार्ट फेल्युअरसाठी किंवा ठोक्यांसाठी दिलेली असू शकते, ती बीपीची समजून घरच्या घरी काढू नका.

थोडक्यात काही

मेंदूसाठी बीपीची सगळ्यात चांगली गोळी कुठली, असं सहा जणांनी विचारलंय. अशी वेगळी गोळी नाही. २०२० मध्ये सहा ठिकाणच्या ३१ हजार लोकांची माहिती एकत्र बघितली तेव्हा वाढलेल्या बीपीवर गोळी घेणाऱ्यांत डिमेन्शिया कमी होता, पण कुठल्या जातीची गोळी यानं फरक पडला नाही. जी सोसते आणि रोज घेतली जाते ती.

गोळी सकाळी की रात्री? जी वेळ आठवते ती. विसरत असतील तर सात खणांची डबी आणा, केमिस्टकडे मिळते, आणि भरायचं काम नातवंडांना द्या.

सैंधव चालेल का, हा पुण्याच्या काकूंचा प्रश्न. सैंधवातही सोडियमच असतं हो काकू, रंग वेगळा, त्यामुळे चमचा तितकाच धरायचा, दिवसाचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत आणि त्यात पापड-लोणचं आलं. ‘लो सोडियम’ म्हणून वेगळं मीठ मिळतं ते मात्र पाकीट उलटं करून वाचा, पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं असेल आणि तुमची टेल्मिसार्टन किंवा किडनीचा काही त्रास चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका, रक्तातलं पोटॅशियम वाढतं.